पासबुक कुणाच्या नावाचं, डाव कुणाचा?

(पूर्णा येथे बचत गटांच्या सभासद बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मोबाईलवरच्या जुगाराबद्दल बोलायचं आहे असं सांगितलं, तेव्हा तुमच्यातल्या दोघीतिघी हसल्या. एकजण म्हणाली, "ताई, आम्ही कुठं पत्ते कुटतो? हे गड्यांना सांगा." तिचं म्हणणं खरं आहे. खेळणारे बहुतेक गडीच असतात, आणि त्यांच्याशी बोलायचं ते वेगळं बोलूच. पण हा विषय मुद्दाम तुमच्यासमोर मांडते आहे. डाव कुणीही खेळो, डावावर लागणारा पैसा कुठल्या तरी खात्यातून जातो, आणि ते खातं घरातल्या बाईच्या नावाचं असू शकतं. आता तर तशी वेळ येण्याचा संभव वाढला आहे. का, ते सांगते.

आधी थोडं मागं जाऊ. पूर्णा हे जंक्शनचं गाव. आपल्यातल्या वयस्क बायांना मटका माहीत आहे. साठच्या दशकात मुंबईत तो सुरू झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडताना आणि बंद होतानाचा भाव काय निघेल, यावर लोक आकडा लावायचे. पुढे कापसाचा भाव गेला, मडक्यातून चिठ्ठी काढणं आलं, आणि 'ओपन-क्लोज' हे शब्द गावोगाव गेले. मग लॉटरीची दुकानं आली. महाराष्ट्र सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासूनची. एक आकडी लॉटरीचं तर असं वेड लागलं की १९९८ च्या लॉटरी कायद्याने एका आकड्यावर बक्षीस द्यायला बंदी घालावी लागली.

त्या जुगारात एक गोष्ट होती. पैसा हातातून जायचा. पगाराचं पाकीट हलकं झालं की बाईला कळायचं. डब्यातली नोट गेली की कळायचं. आकडा घेणारा कोण, तो कुठल्या टपरीवर बसतो, हे गल्लीला माहीत असायचं. चार बाया मिळून त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहू शकत होत्या. दारूच्या बाबतीत आपण तेच केलं. १९९२ मध्ये आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटाच्या बाया अरकाच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. आपल्या राज्यात उभी बाटली, आडवी बाटली असं बायांचं मतदान होऊन दुकानं बंद झाली. दुकान डोळ्यांना दिसत होतं, म्हणून त्याला कुलूप लावता आलं.

मोबाईलवरच्या जुगाराला दुकान नाही. नवरा बाजेवर पडल्यापडल्या बोट फिरवतो. आपल्याला वाटतं, व्हिडिओ बघतोय. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि पैसे पाठवणं चहा पिण्याइतकं सोपं झालं. त्याचे फायदे आपल्यालाही झाले, ते नाकारायचं कारण नाही. पुण्याला कामाला गेलेला मुलगा त्याच मिनिटाला घरी पैसे पाठवतो. पण त्याच वाटेने शंभर, दोनशे, पाचशे असे पैसे रमीला, क्रिकेटच्या टीमला, रंग ओळखायच्या खेळाला जायला लागले. टाकताना पैसे एका क्षणात जातात. काढताना मात्र कागद मागतात, पॅन मागतात, 'थोडं थांबा' म्हणतात, आणि थांबलेला माणूस त्याच पैशांवर पुन्हा खेळतो. सुरुवातीला दोनशे जिंकवतात, ते सगळ्यांना सांगितले जातात. पुढचे वीस हजार हरतो, ते कुणालाच सांगत नाही.

या खेळाला बराच काळ कायद्याची अडचण नव्हती. जुगार हा विषय राज्यांच्या अखत्यारीतला. आपल्याकडचा जुगारबंदी कायदा १८८७ सालचा, इंग्रजांच्या काळातला. कौशल्याचा खेळ हा जुगार नव्हे, अशी त्यात सवलत आहे. रमी कौशल्याची, क्रिकेटची टीम निवडणं कौशल्याचं, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता. शेजारच्या तेलंगणाने २०१७ मध्ये आपला कायदा बदलून पैसे लावून खेळायची ऑनलाईन रमी बंद केली. तिथल्या माणसाचे पैसे घेणं कंपन्यांनी थांबवलं. म्हणजे आपल्या रेल्वेने नांदेड, उमरी, धर्माबाद करत बासरला उतरलं की खेळ बंद, आणि अलीकडे धर्माबादेत चालू. एकाच मार्गावरच्या दोन स्टेशनांत एवढा फरक.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. देशातली सुमारे पंचेचाळीस कोटी माणसं या खेळांत वर्षाला वीस हजार कोटी रुपयांच्या आसपास हरतात, असा अंदाज त्या वेळी सरकारकडून सांगण्यात आला. कायदा काय म्हणतो, ते नीट ऐका. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाईन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवायचा नाही. चालवला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याची जाहिरात केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. आणि आजच्या विषयाचं कलम असं, की अशा खेळासाठीचा पैशांचा व्यवहार कुठल्याही बँकेने, वित्तसंस्थेने किंवा तो जुळवून देणाऱ्या दुसऱ्या कुणीही करू द्यायचा नाही. त्यालाही तीन वर्षं आणि एक कोटी.

खेळणाऱ्या माणसाला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. तो फसलेला आहे, असं कायदा धरतो. ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा, पुढे लागणार आहे.

कायदा मंजूर होताच मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. काही कंपन्या न्यायालयात गेल्या. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. पैसा अडवला तर खेळ अडतो, हे तत्त्व मला पटतं. या कायद्याचं आपण स्वागतच केलं पाहिजे. दूरचित्रवाणीवर नामवंत खेळाडू आणि नट येऊन आमच्या पोरांना 'टीम बनवा' म्हणून सांगत होते, ते थांबलं, हे काही थोडं नाही.

पण आपण जंक्शनवर राहणाऱ्या बाया आहोत. एक मार्ग बंद पडला तर गाडी दुसऱ्या मार्गाने वळवतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथून एक वाट परभणीकडे, एक नांदेडकडे, एक हिंगोली-अकोल्याकडे. पैशाचं तसंच आहे. समोरचा मार्ग बंद झाला की कुठेतरी एक पॉइंटमन बसलेला असतो आणि तो सांधा बदलतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेने २००६ मध्ये असाच कायदा केला. खेळणाऱ्याला हात न लावता बँकांना सांगितलं की जुगाराच्या संस्थळांना पैसे जाऊ देऊ नका. काय झालं? पैसे पोचवणारी एक मोठी कंपनी जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतून बाहेर पडली, आणि तिथल्या हजारो लोकांचे पैसे काही महिने तिच्याकडेच अडकून राहिले. परदेशातली संस्थळं मात्र चालूच राहिली. २०११ मध्ये तिथल्या सरकारने खटला भरला, तेव्हा आरोपपत्रात आलं ते असं : जुगाराचे पैसे बँकेला कळू नयेत म्हणून खोटी दुकानं काढली होती, आणि कागदोपत्री लोक दागिने आणि गोल्फचे चेंडू विकत घेत होते.

आपल्याकडे गोल्फचे चेंडू कोण घेणार? आपल्याकडे दुसरी युक्ती निघाली. परदेशात बसून चालवलेले बेटिंगचे अॅप टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपवरून गिऱ्हाईक शोधतात. पैसे भरायला कंपनीचं खातं देत नाहीत. कुणातरी साध्या माणसाचं खातं देतात. आज एकाचा क्यूआर कोड, उद्या दुसऱ्याचा. बँकेला दिसतं की एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाचशे रुपये पाठवले. हे खातं गरिबाचं असतं, आणि ते भाड्याने घेतलेलं असतं. "पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड दे, महिन्याला अमुक हजार देतो," असं म्हणून घेतात. पोलिसांच्या भाषेत अशा खात्याला 'म्यूल' म्हणतात, म्हणजे खेचर. ओझं दुसऱ्याचं, पाठ आपली.

मार्च २०२५ मधली, म्हणजे नव्या कायद्याच्याही आधीची, एक गोष्ट सांगते. जीएसटीच्या गुप्तवार्ता विभागाने परदेशी जुगाराची ३५७ संस्थळं बंद केल्याचं जाहीर केलं. त्यातल्या एका कारवाईत सुमारे दोन हजार बँक खाती गोठवली आणि चार कोटी रुपये जप्त केले. आपण गटात हिशेब करतो तसा हाही हिशेब करून बघा. चार कोटी भागिले दोन हजार. खात्यामागे सरासरी वीस हजार रुपये. ज्यांनी कोट्यवधी गिळले, त्यांची खाती अशी नसतात. तुमच्या-माझ्यासारख्यांची असतात. मोठा पैसा तिथून कधीच पुढे निघून गेलेला असतो.

आता मला सांगा, खेड्यापाड्यात सध्या नवं, स्वच्छ, आधार जोडलेलं, कधी तक्रार नसलेलं खातं कुणाकडे आहे? बायांकडे. २०१४ मध्ये जनधनची खाती निघाली. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये यायला लागले, तेव्हा रांगा लावून आपण खाती उघडली, बंद पडलेली चालू केली, आधार जोडलं. बाईच्या नावाचं खातं हवं म्हणून बायांच्या संघटना किती वर्षं बोलत होत्या! ते झालं. पण त्या खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय? ज्यांच्या खात्याला स्वतःचा नंबर आहे आणि ज्यांचा पिन फक्त त्यांनाच माहीत आहे, त्यांनी हात वर करा बरं.

बघा, कितीतरी हात खालीच राहिले. मी कुणाला नावं ठेवत नाही. घरात एकच फोन असतो, तो त्याच्याकडे असतो, बँकेत तोच घेऊन जातो.

समजा, एक बाई आहे. नाव लावू नका, कुणाचंही लागेल. नवऱ्याचं स्वतःचं खातं कर्जाच्या हप्त्यात अडकलेलं. तो हिचं खातं वापरतो. खेळात कधी जिंकलेले दोन हजार या खात्यात येतात. ते कुठून आले? त्याच अॅपच्या दुसऱ्या एखाद्या भाड्याच्या खात्यातून. त्या खात्यात तिकडे राजस्थानातल्या नाहीतर केरळातल्या कुण्या फसवल्या गेलेल्या माणसाचे पैसे पडलेले असतात. तो माणूस १९३० या नंबरवर तक्रार करतो. तक्रारीच्या मागोमाग पोलीस पैशाचा माग काढतात : या खात्यातून त्या खात्यात, तिथून पुढच्या. आणि एके दिवशी हिचं खातं गोठतं. सोयाबीनचे पैसे त्यात, अतिवृष्टीची मदत त्यात, लाडक्या बहिणीचे त्यात, गटातून उचललेलं कर्ज त्यात. पैसे जमा होताना दिसतात, काढता येत नाहीत. बँक म्हणते, आमच्या हातात नाही, पोलिसांना विचारा. पोलीस ठाणं हजार किलोमीटरवर. हिला रमी म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही.

खातं मुद्दाम भाड्याने दिलेलं असेल तर गोष्ट याहून वाईट. मग चौकशीत नाव हिचं येतं. खेळणाऱ्याला शिक्षा नाही असं मघाशी सांगितलं. पण पैशांचा व्यवहार जुळवून देणाऱ्याला आहे, आणि खातं ज्याच्या नावावर, त्यालाच आधी विचारतात. म्हणजे खेळला तो सुटला आणि जिने फक्त सही केली ती अडकली, असं होऊ शकतं.

द्रौपदीने भर सभेत विचारलं होतं, जो स्वतःला आधी हरला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरला कुठे? भीष्मासारख्यालाही सरळ उत्तर देता आलं नाही. आज आपल्याला कुणी सभेत ओढत नाही. आपलं पासबुक पणाला लागतं, आणि आपल्याला विचारलेलं नसतं. तो प्रश्न आता बँकेच्या खिडकीपाशी विचारायची वेळ आली आहे.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी सांगत नाही, उद्यापासून करता येतील अशा सांगते.

पहिली, खात्याला स्वतःचा नंबर जोडा. साधा फोन चालेल, पण सिम तुमच्या ताब्यात हवं. पिन कुणाला सांगायचा नाही, नवऱ्याला नाही, मुलाला नाही, भावाला तर राखीच्या दिवशीसुद्धा नाही. महिन्यातून एकदा पासबुक छापून आणा आणि गटाच्या बैठकीत जिला वाचता येतं तिच्याकडून वाचून घ्या. अनोळखी नावाने पैसे आले की विचारा, हे कुठून आले?

दुसरी, कुणी कितीही जवळचा असो, खातं, एटीएम, सिम भाड्याने द्यायचं नाही. दिलेलं असेल तर आजच बँकेत लेखी अर्ज देऊन थांबवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

तिसरी, खातं गोठलंच तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार, तिचा क्रमांक काय, वादातली रक्कम किती, हे बँकेकडून लेखी मागा. दोन हजारांचा वाद असेल तर दोन हजार अडवा, सगळं खातं का अडवता, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असाच निकाल दिला, की पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरतीच खात्याची अडवणूक ठेवावी. वकील लागला तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न काहीही असो, वकील मोफत मिळतो. परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

चौथी, कर्जाची भीती. नवऱ्याच्या कर्जाच्या कागदावर तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली नसेल, तर ते कर्ज तुमच्या अंगावर येत नाही. पैजेत हरलेला पैसा कोर्टातून वसूल करता येत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. तेव्हा कुणी दारात येऊन दमदाटी केली तर घाबरून मंगळसूत्र मोडू नका. आणि तुम्हाला न विचारता तुमचे दागिने विकले, तुमच्या खात्यातले पैसे काढले, घरखर्च बंद केला, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात त्याला आर्थिक छळ म्हटलं आहे. मारहाण झाली तरच हिंसाचार, असं नाही.

पाचवी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. बोलायची. घरात हा प्रकार आहे हे बाई गटात सांगत नाही. लाज वाटते, नवऱ्याला पोलीस धरतील असं वाटतं. म्हणून मघाशी गाठ मारायला सांगितलं होतं, खेळणारा या कायद्याने गुन्हेगार नाही. घरातल्या माणसाला तुरुंगात न घालताही तुम्ही मदत मागू शकता. हरलेला माणूस जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलायला लागला, तर ती धमकी समजून सोडून देऊ नका. १४४१६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, तिथे मानसिक आधाराचं बोलता येतं. आणि आपण गटातल्या बायांनी एवढं ठरवू, की जिचा हप्ता या कारणाने चुकला, तिला आधी बसवून विचारायचं, मग दंडाचं बघायचं. आपणच तिला चोर ठरवलं, तर ती हप्ता भरण्यासाठी खातं भाड्याने देईल.

सरकारकडे आणि बँकांकडे आपलं मागणं आहे. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी केली, म्हणजे उसन्या पैशावर डाव नको, हा साधा विचार. आपल्याकडे बंदी त्याहून कडक आहे, पण तिचा भार खालच्या टोकाला पडतो आहे. खातं गोठवताना बाईला तिच्या भाषेत, कागदावर कारण सांगा. ज्या सरकारी योजनेचे पैसे कुठून आले हे स्वच्छ दिसतं, ते तिला काढू द्या. आणि खाती भाड्याने गोळा करणारा तो मधला माणूस, जो गावात येतो, फॉर्म भरून घेतो, सिमकार्डं पिशवीत घालून नेतो, त्याला आधी धरा. तो गावाला माहीत असतो. मटक्याचा माणूस माहीत होता, तसाच.

आणि त्याला आपणही ओळखू शकतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपलं पासबुक आणायचं, ताजं छापून. आज ज्यांचे हात खाली राहिले, त्यांच्यासोबत आपल्यातल्या दोघी सोमवारी बँकेत जातील आणि नंबर बदलून घेतील. कोण जाणार, ते इथून उठायच्या आत ठरवू.